कुमारांसाठी आरोग्यलेखन : महाड-पोलादपूरच्या निमित्ताने

मराठी वाचकाला विंचू बहुधा प्रथम भेटतो तो संत एकनाथांच्या भारुडात. सोळाव्या शतकातील त्या रचनेत विंचू हे कामक्रोधाचे रूपक आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे. सारा रोख अध्यात्माकडे आहे. तरीही रूपक उभे करताना नाथांनी एक गोष्ट प्रत्यक्ष व्यवहारातून उचलली आहे. डंख झालेल्या माणसाच्या अंगाला घाम सुटतो, हे त्यांनी टिपले आहे. पुढे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांच्या निरीक्षणावरून तांबड्या विंचवाच्या दंशानंतरची धोक्याची पूर्वचिन्हे मांडली. त्यांतही घाम आहे.

एका बाजूस लोकभाषेतील भारूड, दुसऱ्या बाजूस जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिक. या दोहोंच्या मध्ये महाड-पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा तेवढीच मुलगी उभी आहे. ‘लॅन्सेट’मधील ज्ञान भारुडाच्या सुबोधतेने त्यांच्यापर्यंत पोचते काय, आणि पोचत नसेल तर वाट कोठे अडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हे दोन तालुके उदाहरणादाखल घेण्यास कारण आहे. सावित्रीच्या खोऱ्यात आणि सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या वाड्या, दगडमातीच्या भिंती, कौलांखालच्या फटी, पावसाच्या तोंडावर रचून ठेवलेला लाकूडफाटा, भातकापणीनंतरचा पेंढा : विंचवाला आणि सापाला याहून सोयीचा आसरा नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. येथील अनेक घरांतील कर्ती माणसे चाकरीनिमित्त मुंबईत असतात. मागे राहतात ती आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुले. अशा घरात सरावाने वाचणारा माणूस पुष्कळदा सातवी-आठवीतलाच असतो. औषधाच्या पुडीवरचा मजकूर, दवाखान्याचा कागद, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची सूचना तोच आजीला वाचून दाखवतो. म्हणजे कुमारांसाठी लिहिलेला आरोग्यविषयक मजकूर केवळ त्यांच्यापुरता नसतो. तो सबंध घरासाठी असतो. ही जबाबदारी ध्यानात घेऊन आपल्याकडचे लेखन होते काय?

आरोग्याच्या पत्रकाला साहित्याची कसोटी का लावावी, असे कोणी विचारील. परंतु शब्दाची निवड, वाक्यांचा क्रम आणि कोण कोणाशी बोलत आहे याचे भान, या तीन गोष्टी जशा कथेला तशाच सूचनाफलकालाही लागू आहेत. कथेत त्या चुकल्या तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. आरोग्यलेखनात त्या चुकल्या तर त्याची किंमत कोणाच्या तरी शरीराला मोजावी लागते.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी आरोग्यलेखनात तीन भाषा एकमेकींना न भेटता वावरतात. पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर भाषा, दवाखान्यातली इंग्रजीमिश्रित भाषा आणि घरातली बोली. पुस्तकात ‘मण्यार’ या विषारी सापाचे वर्णन असते. कोकणातील आजी त्याच सापाला ‘कांडर’ म्हणते. दोन्ही नावे एकाच सापाची आहेत हे कोणी सांगितले नाही, तर मुलाने शाळेत शिकलेले ज्ञान घरी उपयोगी पडत नाही. आणि ते पडणे अगत्याचे असते. हा साप रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. जागा फारशी दुखत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि पुढे श्वास अडतो. ‘पोटात वात धरला असेल’ म्हणून ओवा चघळायला देणाऱ्या आजीला, ‘आजी, ही कांडर असू शकते’ असे म्हणणारे पोर घरात हवे. ‘मण्यार’ एवढाच शब्द त्याच्याजवळ असेल तर ते गप्प बसेल.

दुसरे उदाहरण पुराचे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा पुरानंतर, उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालल्यामुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. या रोगाला रुळलेले मराठी नाव नाही आणि ते घडवण्याचा अट्टाहासही नको. लोक ‘लेप्टो’ म्हणतात, तेच पुरेसे आहे. खरी अडचण लक्षणांच्या शब्दांत आहे. ‘तीव्र स्नायुवेदना व नेत्ररक्तिमा’ असे छापले तर तेरा वर्षांच्या वाचकाला त्यातून काही दिसत नाही. ‘ताप येतो, पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही, डोळे लाल होतात’ असे लिहिले की लक्षण डोळ्यांपुढे उभे राहते. ‘पोटऱ्या’ हा शब्द ग्राम्य नाही. तो अधिक अचूक आहे, कारण या रोगात ठळकपणे दुखतात त्या पोटऱ्याच.

याचा अर्थ संस्कृत शब्द वर्ज्य करावेत असा नव्हे. ‘जलसंजीवनी’ हा शब्द पाहा. जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले असता द्यावयाच्या मीठ-साखरेच्या पाण्याला मिळालेले हे नाव पूर्णतः संस्कृत आहे. तरीही ते खेड्यापाड्यांत रुजले, कारण ‘संजीवनी’ काय करते हे द्रोणागिरी उचलून आणणाऱ्या हनुमंताच्या कथेमुळे प्रत्येकाला ठाऊक असते. शब्द कोणत्या मुळाचा, यापेक्षा तो ऐकताच मनात काय जागे होते, याला महत्त्व आहे. ‘निर्जलीकरण’ ऐकून मनात काहीही जागे होत नाही.

मात्र चांगले नाव पुरेसे नसते. त्यामागे कृतीही अचूक सांगावी लागते. ‘योग्य प्रमाणात मीठ व साखर मिसळावी’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि व्यवहारात निरुपयोगी आहे. योग्य प्रमाण ठाऊक असते तर वाचकाने पत्रक उघडलेच नसते. ‘एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ’ : येथे ‘सपाट’ हा एक शब्द साऱ्या वाक्याचा भार उचलतो. तो गाळला आणि मुलाने शीग लावून मीठ घातले, तर लहान भावंडाला अपाय होऊ शकतो.

आता वाक्यरचनेकडे वळू. आपल्या सरकारी मराठीत कृती करणारा माणूसच नाहीसा झालेला असतो. ‘दंश झाल्यास तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यांशी संपर्क साधण्यात यावा’ या धर्तीची वाक्ये आपण सर्वांनी वाचली आहेत. संपर्क कोणी साधावयाचा? वाडीवर रात्री नऊ वाजता आजी, एक मुलगा आणि त्याची लहान बहीण एवढेच असताना ‘तत्काळ’ म्हणजे कसे? ‘शेजारच्या मोठ्या माणसाला हाक मार, १०८ क्रमांकावर फोन लावायला सांग’ असे म्हटले की वाक्यात माणसे येतात आणि कृती सुरू होते. क्रमाचेही तसेच आहे. पाठ्यपुस्तकी पद्धतीने प्रथम प्राण्याचे वर्गीकरण, मग अधिवास, मग विषाचे प्रकार आणि शेवटच्या ओळीत उपाय येतो. संकटात सापडलेला वाचक शेवटच्या ओळीपर्यंत टिकत नाही. अभ्यासासाठी पहिला क्रम रास्त आहे. आरोग्याच्या सूचनेत तो उलटा केला पाहिजे.

शब्द आणि क्रम यांहून मोठा अडसर आहे तो लज्जेचा. डॉ. बावस्करांनी नोंदवलेल्या पूर्वचिन्हांत घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय यांच्या जोडीने आणखी एक चिन्ह आहे : मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या जननेंद्रियास आपोआप येणारा ताठरपणा. विष अंगात भिनल्याची ती लवकर दिसणारी खूण आहे. तेरा वर्षांचा मुलगा हे आपल्या आजीला सांगेल काय? तो मांडी आवळून पडून राहील. आणि त्याच्या हातातल्या पुस्तकात या चिन्हाच्या जागी ‘व इतर लक्षणे’ असे शब्द असतील, तर ते पुस्तकही त्याच्याबरोबर मांडी आवळून बसले आहे, असेच म्हणावे लागेल. शालीनता हा लेखनाचा गुण आहे. परंतु ज्या मौनामुळे मूल धोक्यात येते, त्या मौनाला शालीनता म्हणता येणार नाही.

असेच मौन लोहाच्या गोळ्यांभोवती आढळते. दहा ते एकोणीस वर्षे वयोगटासाठी २०१४ साली ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला. रक्तक्षय टाळण्यासाठी या वयातील मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी दिली जाते. ती घेतल्यावर शौचाचा रंग काळसर होतो. त्यात अपाय काहीच नाही. परंतु हे आधी सांगितले नाही तर मूल घाबरते, कोणाला विचारण्याची लाज वाटते आणि पुढच्या गोळ्या खिडकीबाहेर जातात. ‘शौच काळे होईल, घाबरू नको, गोळी जेवणानंतर घे’ एवढी दोन वाक्ये गोळीइतकीच आवश्यक आहेत.

मुलींच्या बाबतीत हा पेच अधिक बिकट होतो. पुस्तकात ‘रजःस्राव’, घरात ‘कावळा शिवला’ किंवा ‘अडचण आली’. पहिला शब्द उच्चारता येत नाही. बाकीचे दोन शब्द मुलीला तिच्याच शरीराविषयी संकोच शिकवतात. शिक्षिकेला सांगायचे तर कोणत्या शब्दात सांगावे? ‘पाळी’ हा साधा, स्वच्छ, सर्वांना कळणारा शब्द आपल्याजवळ आहे. तो ठामपणे वापरावा आणि त्याबरोबर हेही सांगावे की पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे, आणि पंधरा वर्षे उलटूनही ती आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. निम्मे भय शब्दाने जाते, उरलेले माहितीने.

शरीराविषयी सामान्य वाचकाशी सरळ बोलण्याची किंमत मराठीने पूर्वी मोजली आहे. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला; त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. पुढे वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू मांडली ती डॉ. आंबेडकरांनीच. खटला कर्वे हरले. त्यांची अनेक मते आपल्या वाचकांना मान्य होण्यासारखी नाहीत आणि तो वाद येथे उपस्थित करण्याचे प्रयोजनही नाही. समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय आहे तो त्यांचा लेखनप्रकार. वाचकाने आपल्या शब्दांत विचारायचे आणि संपादकाने टाळाटाळ न करता उत्तर द्यायचे. कुमारवयीन वाचकासाठी याहून सोयीचा प्रकार नाही. कारण जे विचारायचे धाडस त्याला होत नाही, ते दुसऱ्या कोणी तरी विचारलेले त्याला छापील दिसते.

गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारणाऱ्या डॉ. राणी बंग यांनी याच्याही एक पाऊल मागे जाऊन सुरुवात केली. आधी सांगणे नव्हे, आधी ऐकणे. ग्रामीण स्त्रिया आपल्या शरीराविषयी काय समजतात, कोणते शब्द वापरतात, याचा शोध त्यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकात आहे. त्यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांना मिळालेल्या प्रतिसादामागे हे ऐकणे आहे, असे मला वाटते. आरोग्यलेखकाने प्रथम कानोसा घ्यावा, ही त्यांच्या कामातून मिळणारी वाङ्मयीन शिकवण आहे.

येथे डॉ. बावस्करांच्या ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्राचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. जालना जिल्ह्यातील खेड्यात अत्यंत गरिबीत वाढलेला एक मुलगा डॉक्टर होतो, १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात येतो आणि विंचूदंशाने माणसे का मरतात याचा छडा लावू लागतो. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना दिले आणि पूर्वी शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू एक ते चारवर आले, असे त्यांच्या शास्त्रीय लेखनात नोंदलेले आहे. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडच्या सत्तर रुग्णांचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राझोसिनच्या जोडीला विंचूदंशावरील लस दिलेल्या पस्तीस रुग्णांपैकी बत्तीस जण दहा तासांत बरे झाले; केवळ प्राझोसिन दिलेल्या पस्तिसांपैकी तेवढ्या वेळात आठ जण. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

या आत्मचरित्राचे सामर्थ्य कथनात आहे. गरीब घरातल्या कुमाराला ते आपले वाटते. ज्ञान कोठून येते आणि त्यासाठी किती रात्री जागाव्या लागतात, हे ते दाखवते. परंतु त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते प्रौढ वाचकासाठी लिहिलेले आहे आणि त्याचा नायक डॉक्टर आहे. आठवीतल्या मुलाला त्यातून प्रेरणा मिळेल. रात्री नऊ वाजता काय करावे हे मिळेलच असे नाही. प्रेरणा आणि सूचना या दोन वेगळ्या गरजा आहेत. आपल्याकडे पहिलीची पुस्तके थोडी तरी आहेत. दुसरीची फारच विरळ. मेक्सिकोच्या डोंगरी मुलखातील शेतकऱ्यांसाठी डेव्हिड वर्नर यांनी १९७३ साली स्पॅनिश भाषेत लिहिलेले, ‘जेथे डॉक्टर नाही’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक जगभर गेले, ते याच दुसऱ्या गरजेपोटी. आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या तयारीत १९७८ साली लंडनमध्ये डॉ. डेव्हिड मोर्ले यांच्या प्रेरणेने ‘मुलाकडून मुलाकडे’ हा उपक्रम निघाला. मोठे भावंड धाकट्याला सांभाळते, तेव्हा आरोग्याची माहिती त्या मोठ्या भावंडाला द्या, हा त्याचा विचार. पोलादपूरच्या वाडीवर तो तंतोतंत लागू पडतो.

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. विंचूदंशाविषयी बारा वर्षांच्या वाचकासाठी कसे लिहिता येईल, याचा एक नमुना पुढे देत आहे :

“विंचू चावला तर लगेच मोठ्या माणसाला सांग. किती वाजले ते लक्षात ठेव. चावलेली जागा कापू नको, चोखू नको, दोरीने आवळू नको. दवाखान्यात जायला निघ; मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नको. दुखणे कमी आहे म्हणून थांबू नको. वाटेत अंगाकडे लक्ष ठेव. दरदरून घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर विष अंगात भिनते आहे. मुलग्यांच्या लघवीच्या जागेला अशा वेळी आपोआप ताठरपणा येतो. तो विषामुळे येतो. त्यात तुझी काही चूक नाही. हे डॉक्टरांना सांगायलाच हवे, कारण त्यावरून त्यांना औषध लवकर देता येते. पुढे धाप लागू शकते. म्हणून ती लागण्याआधी पोचायचे.”

या उताऱ्यात एकही जोड पारिभाषिक शब्द नाही, आणि तरीही वैद्यकदृष्ट्या महत्त्वाचे काही गाळलेले नाही. ‘तू’ हे संबोधन हेतुपुरस्सर आहे. ‘विद्यार्थ्यांनी’ म्हटले की बोलणारा व्यासपीठावर जातो. ‘तू’ म्हटले की तो शेजारी येऊन बसतो. ‘कारण’ या शब्दालाही महत्त्व आहे. या वयाला नुसती आज्ञा पटत नाही. आज्ञेचे कारण कळले की मूल ती दुसऱ्यालाही सांगते.

सोपे केले की शास्त्र पातळ होते, हा आक्षेप नेहमीचा आहे. तो सर्वस्वी चूक नाही. ‘काळा विंचू निरुपद्रवी, तांबडा घातक’ असे सुटसुटीत वाक्य लिहिण्याचा मोह होतो. आकाराने मोठ्या काळ्या विंचवापेक्षा लहान तांबडा अधिक धोकादायक, हे खरेही आहे. पण अंधारात रंग कोण पाहणार? असे सोपे वाक्य मुलाला घरी बसवील. म्हणून सोपेपणाची कसोटी अशी असावी : वाक्य वाचून मूल जी कृती करील, ती सुरक्षित आहे काय?

या आक्षेपापेक्षा मोठी चिंता निराळीच आहे. आज मोबाइलवर फिरणारे आरोग्यविषयक खोटे संदेश भाषेच्या कसोटीवर उत्तम उतरतात. ते वाचकाशी थेट बोलतात, घरगुती शब्द वापरतात, काय करायचे ते पहिल्या ओळीत सांगतात. असत्य घरच्या मराठीत बोलते आणि सत्य मात्र कचेरीच्या मराठीत. मुलाने कोणावर विश्वास ठेवावा? सत्याला बोलीत आणणे हे म्हणूनच केवळ सोयीचे काम नाही. ती लेखकाची नैतिक जबाबदारी आहे.

आपल्या समाजात परिचारिका किंवा शिक्षिका नाही असे घर विरळा. आरोग्याचे ज्ञान आणि मुलांची भाषा या दोन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी आहेत अशी माणसे आपल्याच कुटुंबांत आहेत. त्यांनी मोठे ग्रंथ लिहिण्याची गरज नाही. एका वेळी एक दुखणे घ्यावे, एक पान लिहावे, आणि ते छापण्याआधी बारा वर्षांच्या एका मुलाला व तेवढ्याच एका मुलीला वाचायला द्यावे. मग पान बाजूला ठेवून विचारावे : आता तू काय करशील? उत्तरात मूल अडखळले तर दोष मुलाचा नाही. ते वाक्य पुन्हा लिहावे.